वाट देणारा पूल

शाळेंत इतिहास शिकवीत असतां मी मुलांना दरवर्षीं एक साधा प्रश्न विचारीत असें : "पूल कशासाठीं बांधतात?" उत्तर ठरलेलें असे : "पलीकडे जाण्यासाठीं." हें उत्तर चूक नाहीं, पण तें अर्धें आहे. नदीवर किंवा खाडीवर पूल पडला म्हणजे पलीकडे जाणाऱ्याची सोय होते, हें खरें. परंतु त्याच पुलाखालून, प्रवाहाच्या दिशेनें, शतकानुशतकें चालत आलेली दुसरी एक वाट अडण्याचा संभव असतो. त्या वाटेनें जाणाऱ्यानें काय करावें, हा प्रश्न पुलावरून जाणाऱ्याच्या मनांत सहसा येत नाहीं. माझ्याहि मनांत तो अनेक वर्षें आला नव्हता. तो प्रथम आला १९८३ सालीं, रामेश्वराच्या यात्रेंत, पांबनच्या सामुद्रधुनीच्या कांठीं. आणि तो माझ्या मनांत उभा केला माझ्या आईच्या एका वाक्यानें. तें वाक्य योग्य जागीं सांगेनच. आधीं त्या पुलाची हकीकत ऐकावी.

उचलता पूल ही वस्तु आपणांस अपरिचित नाहीं. अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, भुईकोट किल्ला आपणांपैकीं कित्येकांनीं पाहिला असेल. त्याच्याभोंवतीं रुंद खंदक आहे, आणि त्या खंदकावर पूर्वीं उचलता पूल असे. शत्रु चालून आला कीं पूल वर घ्यावयाचा आणि आंतील माणसांनीं निर्धास्त व्हावयाचें, अशी ती योजना. जगांतील बहुतेक जुन्या किल्ल्यांचे उचलते पूल ह्याच हेतूनें केलेले आहेत. पूल उचलणें म्हणजे वाट बंद करणें, असा त्यांचा अर्थ. पांबनचा पूल उचलीत तो मात्र वाट मोकळी करण्यासाठीं. उचलण्याची क्रिया तीच. पण हेतु अगदीं उलट. एक पूल उठतो तो येणाऱ्याला अडविण्यासाठीं. दुसरा उठतो तो जाणाऱ्याला जाऊं देण्यासाठीं. ह्या दोन हेतूंमधील अंतर केवढें मोठें आहे, हेंच मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम स्थळाची कल्पना करून घेऊं. तामिळनाडूच्या रामनाथपुरम् जिल्ह्यांत मंडपम् हें भूमीचें टोंक आहे. त्यापुढें सुमारें दोन किलोमीटर रुंदीचें उथळ पाणी आणि त्यापलीकडे पांबनचें बेट. ह्याच बेटावर रामेश्वराचें देऊळ आहे. बेटाचें पूर्वेकडील निमुळतें टोंक म्हणजे धनुष्कोडी. तेथून लंकेजवळच्या मन्नार बेटापर्यंत वाळूच्या बांधांची व उथळ खडकांची जी ओळ गेली आहे, तिला आपण रामसेतु म्हणतों. ह्या ओळीच्या उत्तरेस पाल्कचा उपसागर व दक्षिणेस मन्नारचें आखात. बेट व भूमि पूर्वीं जोडलेलीं होतीं आणि १४८० सालच्या एका मोठ्या वादळांत तो सांधा तुटला, अशी तेथील परंपरा आहे. रामनाडच्या राजांना 'सेतुपति' ही पदवी होती. सेतूचें व सेतूकडे जाणाऱ्या यात्रेकरूंचें रक्षण करणें हें त्यांच्या घराण्याचें ब्रीद मानलें जाई.

आतां ह्या दोन किलोमीटरांच्या पाण्याचें महत्त्व पाहा. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेकडे जाणाऱ्या गलबताला एकतर साऱ्या लंकेला वळसा घालावा लागे, नाहीं तर ह्या चिंचोळ्या वाटेनें जावें लागे. वाट उथळ, तळाशीं खडक, आणि ओढ जबरदस्त. एकोणिसाव्या शतकांत इंग्रज सरकारनें येथील खडक सुरुंगांनीं फोडून व गाळ उपसून लहान जहाजें जाण्यापुरतें पात्र खोल करून घेतलें. मोठ्या आगबोटींना तें कधींच पुरेसें झालें नाहीं. पण किनाऱ्याकिनाऱ्यानें माल नेणारीं गलबतें, मासेमारी होड्या आणि मचवे ह्यांचा तो राजमार्गच होता.

त्याला छेदून आडवी जाणारी दुसरी वाट यात्रेकरूंची. काशीचें गंगाजल रामेश्वराला वाहावयाचें आणि सेतूची वाळू प्रयागच्या त्रिवेणींत सोडावयाची, हा संकल्प आपल्याकडील किती घरांनीं पिढ्यान्‌पिढ्या बाळगला आहे! नाथमहाराजांनीं तहानेनें तळमळणाऱ्या गाढवाला कावडींतलें पाणी पाजलें, ती कथा आपण लहानपणापासून ऐकतों. ती कावड निघाली होती रामेश्वरासच. असे सारे यात्रेकरू मंडपम् येथें येत आणि होडींतून पलीकडे जात. स्वामी विवेकानंद १८९७ सालच्या जानेवारींत पश्चिमेकडून परत आले, तेव्हां लंकेहून समुद्रमार्गें ते ह्याच पांबनला उतरले आणि रामनाडचे राजे भास्कर सेतुपति त्यांच्या स्वागताला सामोरे गेले होते.

यात्रेकरूंना पलीकडे नेणारीं नावाड्यांचीं घराणीं ह्या बेटावर होतीं. त्यांतल्याच एका घराण्यांत १९३१ सालीं एक मुलगा जन्मास आला, त्याचें नांव अब्दुल कलाम. आपले माजी राष्ट्रपति ते हेच. त्यांचे पूर्वज भूमि, बेट व लंका ह्यांच्यामध्यें मालाची ने-आण करीत व यात्रेकरूंना होडींतून पोंचवीत. घर सुस्थितींत होतें. पुढें लोहमार्गाचा पूल झाला, होडीचें गिऱ्हाईक आगगाडीनें नेलें, आणि घराची संपत्ति ओसरली. पूल ही लोकोपकाराची गोष्ट खरीच. पण प्रत्येक उपकाराची किंमत कोणीतरी मोजीत असतो, आणि बहुधा त्याचें नांव कोनशिलेवर नसतें.

तो पूल कसा झाला, तें आतां सांगतों. विसाव्या शतकाच्या आरंभीं साउथ इंडियन रेल्वेचा मार्ग मंडपम्‌पर्यंत येऊन ठेपला होता. मद्रासहून निघालेल्या माणसानें गाडीनें थेट धनुष्कोडीस जावें, तेथें आगबोटींत बसावें आणि लंकेच्या तलाइमन्नार बंदरांत उतरून पुन्हा गाडी धरावी, अशी कंपनीची योजना होती. ह्या योजनेंत उणीव एवढीच कीं, मध्यें दोन किलोमीटर समुद्र होता. १९११ सालीं पुलाच्या कामास जोर आला आणि २४ फेब्रुवारी १९१४ रोजीं पूल सुरू झाला. त्याची लांबी २०६५ मीटर. समुद्रांत १४० हून अधिक खांब. 'बोट मेल' ह्या नांवानें पुढें प्रसिद्ध झालेली गाडी ह्याच पुलावरून धांवूं लागली.

परंतु खांबांची अशी ओळ समुद्रांत उभी केली म्हणजे जहाजांची वाट संपली. मग करावें काय? पूल पुष्कळ उंच बांधणें हा एक उपाय. पण आगगाडीला उभा चढ चढवत नाहीं. तेवढी उंची गांठावयाची तर दोन्ही तीरांवर मैलोगणती चढण बांधीत जावें लागलें असतें. म्हणून दुसरा उपाय योजिला : पुलाचा मधला भाग, सुमारें २२५ फुटांचा, दाराच्या दोन कवाडांसारखा उघडता ठेवावयाचा.

मी यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून मास्तरकी केलेला माणूस. तरीहि ह्या कवाडांची युक्ति इतकी सुबोध आहे कीं, ती मी पांचवीच्या मुलांनाहि समजावून देत असें. शिकागोचा विल्यम शेर्झर नांवाचा एक तरुण इंजिनियर होता. तो १८९३ सालीं अकालीं वारला. त्याची कल्पना त्याच्या भावानें पुढें चालविली. साधें कवाड बिजागरीवर फिरतें. शेर्झरनें बिजागरीच काढून टाकली आणि कवाडाच्या बुडाला डोलत्या खुर्चीच्या पायांसारखा मोठा वक्र आकार दिला. डोलत्या खुर्चींत मागें रेललें म्हणजे आपले पाय आपोआप वर येतात आणि खुर्चीहि किंचित् मागें सरते. तसेंच हें कवाड मागें डोलतें, त्याचें टोंक आकाशाकडे उठतें, आणि सारें धूड वाटेवरून मागें हटतें. कवाडाच्या मागच्या अंगास तेवढ्याच तोलाचें वजन बसविलेलें असतें. तराजूचीं दोन्ही पारडीं समान असलीं म्हणजे एका बोटानेंहि दांडी हलते. त्याच न्यायानें एकेक कवाड सुमारें ४१५ टनांचें असूनहि, दंतचक्रें जोडलेले दांडे फिरवून, केवळ माणसांच्या हातांनीं तें उघडत असे. येथें वीज नव्हती, वाफ नव्हती; होती ती माणसांच्या दंडांतील ताकद. हा उघडता भाग इंग्लंडांतील थॉर्नबी येथील हेड राइटसन ह्यांच्या कारखान्यांत तयार झाला होता.

आतां माझी स्वतःची हकीकत. १९८३ सालीं मी तेवीस वर्षांचा होतों, नुकताच नोकरीला लागलों होतों. आईच्या देवघरांत गंगाजलाचा एक तांब्याचा गडू होता. मामांनीं काशीहून आणलेला, लाखेनें तोंड बंद केलेला. "तो रामेश्वराला वाहिल्याशिवाय माझा जीव स्वस्थ व्हायचा नाहीं," असें ती वरचेवर म्हणे. पहिल्या वर्षाच्या पगारांतून सांठविलेल्या पैशांतून आम्ही दोघे निघालों. मद्रासच्या एग्मोर स्थानकावरून छोट्या रुळांची गाडी धरली. सडकेचा पूल तेव्हां व्हावयाचा होता; त्याचें काम चालू होतें. रामेश्वराला जाण्यास रेल्वेखेरीज दुसरा सरळ मार्ग नव्हता.

मंडपम्‌ला गाडी थांबली, ती हलेचना. अर्धा तास झाला, तास झाला. दिवस सोमवारचा. शंकराचें दर्शन सोमवारीं घडावें, ही आईची मनीषा. ती खिडकींतून पुनःपुन्हा बाहेर पाही. आमच्या डब्यांत रेल्वेचे एक निवृत्त कर्मचारी होते. त्यांना कामापुरतें हिंदी येत होतें. त्यांनीं सांगितलें, "पुलावर वारा फार आहे. तो उतरल्याशिवाय सिग्नल मिळणार नाहीं." मी तरुण व उतावळा, म्हणालों, "एवढी मोठी आगगाडी, तिला वाऱ्याचें काय भय?" ते गृहस्थ माझ्याकडे क्षणभर पाहात राहिले आणि मग एवढेंच बोलले, "चौसष्ट सालीं मी पांबनला होतों."

चौसष्ट सालची ती गोष्ट अशी. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्रीं ह्या किनाऱ्यावर भयंकर चक्रीवादळ आलें. पांबनहून धनुष्कोडीकडे निघालेली पॅसेंजर गाडी धनुष्कोडीच्या जवळ पोंचली असतां समुद्राची प्रचंड लाट तिच्यावर कोसळली आणि शंभराहून अधिक माणसांसह सारी गाडी समुद्रांत गेली. धनुष्कोडी गांव उजाड झालें. स्थानक, देऊळ, चर्च, घरें, कांहीं राहिलें नाहीं. सरकारनें तें स्थळ वस्तीस अयोग्य ठरविलें आणि तेथील लोहमार्ग पुन्हा कधीं घातला गेला नाहीं. पांबनच्या पुलाचे शंभराहून अधिक गर्डर लाटांनीं उचलून समुद्रांत फेंकले. मधलीं तीं दोन शेर्झर कवाडें मात्र जागच्या जागीं राहिलीं.

पूल पुन्हा उभा करण्यास सहा महिन्यांची मुदत ठरली; वरिष्ठांनीं ती तीन महिन्यांवर आणली. काम सोंपविलें ई. श्रीधरन् नांवाच्या बत्तीस वर्षांच्या इंजिनियरावर. पुढें आपल्या कोंकण रेल्वेची उभारणी ज्यांच्या नेतृत्वाखालीं झाली, तेच हे श्रीधरन्. नवे गर्डर घडवून आणावयाचे तर महिनेच्या महिने जाणार. तेव्हां समुद्रांत गेलेले जुने गर्डरच शोधून काढण्याचें त्यांनीं ठरविलें. ते कोठें पडले आहेत हें कोणत्याहि नकाशांत नव्हतें. तें ठाऊक होतें त्या पाण्यांत रोज वावरणाऱ्या मच्छीमारांना. त्यांच्या मदतीनें गर्डर सांपडले, वर काढले गेले, पुन्हा खांबांवर चढले, आणि ४६ दिवसांत पुलावरून गाडी सुरू झाली.

श्रोतेहो, इतिहासाच्या शिक्षकाला ह्या प्रसंगांत जें दिसतें, तें कदाचित् इंजिनियराला दिसणार नाहीं. १९१४ सालीं ह्या पुलानें होडीवाल्याचा धंदा नेला. पण वाट नेली नाहीं, ती राखून ठेवली. पन्नास वर्षांनीं पुलावर संकट आलें, तेव्हां होडीवाल्यानें समुद्राच्या तळाशीं पडलेला तो पूल दाखवून दिला. तें कशामुळें घडलें, हें मी सांगूं शकत नाहीं. त्यांना मजुरी मिळाली असेल. मजुरीचा त्यांना हक्कच होता. पण १९१४ सालीं ती वाट सरसकट बुजविली असती, तर त्या पाण्याची नाडी जाणणारीं एवढीं माणसें त्या कांठीं शिल्लक राहिलीं असतीं काय, असा प्रश्न मनांत येतो खरा.

त्या सोमवारीं मंडपम्‌च्या स्थानकांत आईला मी घाईनें म्हणालों, "आई, तुझा सोमवार चुकणार." तिनें गडू पदराखालीं सांवरून घेतला आणि ती म्हणाली, "नाथांची कावड गाढवासाठीं थांबली; मग माझा गडू वाऱ्यासाठीं थांबला तर काय बिघडलें?" दुपारीं वारा उतरला. गाडी पुलावर अगदीं पायीं चालणाऱ्याच्या गतीनें निघाली. दोन्ही बाजूंस कठडा नाहीं. खिडकीखालीं सरळ हिरवेंनिळें पाणी. उघडत्या भागावर चाकांचा आवाज बदलला तेव्हां आईनें हात जोडले. संध्याकाळच्या आंत आम्हीं दर्शन घेतलें. सोमवार चुकला नाहीं.

दोन दिवसांनीं तेच गृहस्थ रामेश्वरच्या स्थानकावर पुन्हा भेटले. "उद्यां सकाळीं पूल उघडणार आहे, पाहायचा असेल तर पांबनला उतरा," असें त्यांनीं सुचविलें. आम्ही मायलेंकरें सकाळीं किनाऱ्यावर एका दगडावर जाऊन बसलों. उत्तरेच्या बाजूस एक लहानसें मालवाहू जहाज व त्याच्यामागें मासेमारी बोटींची रांग उभी होती. किती वेळ त्या तिष्ठत होत्या कोण जाणे! कारण पूल रोज उघडत नसे. जहाजवाल्यानें बंदराच्या कचेरींत अर्ज द्यावा, रेल्वेनें गाड्यांच्या वेळा पाहून सवड काढावी, तेव्हां तो उघडावयाचा. दोन्ही बाजूंस माणसें दांड्यांपाशीं उभी राहिलीं आणि चक्रें फिरूं लागलीं. बराच वेळ कांहींच घडलें नाहींसें वाटलें. मग मध्यावर, जेथें दोन कवाडें मिळालीं होतीं, तेथें आकाशाची एक बारीक रेघ दिसूं लागली. ती रुंदावत गेली. ज्यावरून तीन दिवसांपूर्वीं आमची गाडी आली होती, ते रूळ पाहतां पाहतां उभे झाले.

जहाज आलें, भोंगा वाजवून पार झालें. मागोमाग बोटी गेल्या. एका बोटींत एक पोर डोक्यावर फडकें बांधून उभा होता. त्यानें पुलाकडे वळूनहि पाहिलें नाहीं. त्याला त्यांत कांहीं नवल नव्हतें. आई मात्र एकटक पाहात होती. मग ती म्हणाली, "घरांत वडील माणूस आलें म्हणजे आपण उठून उभे राहतों कीं नाहीं, तसा हा उठून उभा राहिला बघ."

माझी आई शाळेंत दोनच इयत्ता शिकलेली. पण त्या पुलासंबंधीं मी पुढें जें जें वाचलें, त्यांत ह्या वाक्याहून अधिक कांहीं मला मिळालें नाहीं. पाण्याची वाट वडील; लोखंडाची वाट धाकटी. धाकटी अधिक बलवान्, अधिक श्रीमंत, अधिक घाईची. तरी वडिलांची चाहूल लागली कीं तिनें उठावें, ही रीत त्या पुलाच्या हाडांतच घातलेली होती.

ही रीत केवळ पांबनची नव्हे. कलकत्त्यास हुगळीवर १८७४ सालीं ब्रॅडफर्ड लेस्ली ह्यांनीं तरंगत्या तराफ्यांचा पूल बांधला. त्याचा मधला दोनशें फुटांचा भाग बाजूस सारून जहाजांना वाट देत आणि तेवढा वेळ शहराची रहदारी दोन्ही तीरांवर खोळंबून राही. १९४३ सालीं हावड्याचा उंच पूल झाला आणि तें उठणें-थांबणें संपलें. लंडनचा टॉवर ब्रिज १८९४ सालचा. तेथें जहाजवाल्यानें आगाऊ सूचना दिली असेल तर पूल उघडावयाचा आणि रस्त्यावरच्यानें थांबावयाचें, हा नियम अजून पाळतात. १९९७ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन ह्यांच्या मोटारींचा ताफा तेथें दुभंगला, कारण 'ग्लॅडिस' नांवाच्या एका शिडाच्या गलबताची वेळ आधीं ठरली होती. रक्षकांची तारांबळ उडाली असेल. परंतु राष्ट्राध्यक्ष थांबले आणि गलबत गेलें, ही गोष्ट मला त्या शहराच्या भूषणांपैकीं वाटते.

पांबनला पुढें काय झालें? २ ऑक्टोबर १९८८ रोजीं सडकेचा पूल खुला झाला. तो पुरेसा उंच असल्यामुळें त्याला उठावें लागत नाहीं. बोटी खालून जातात. २००७ सालीं जुना रेल्वेपूल मोठ्या रुळांसाठीं सुधारून घेण्यांत आला. परंतु तेथील खारा वारा लोखंडाचा वैरी. रंग देतां देतां आणि डागडुजी करतां करतां शतक उलटलें. अखेर २३ डिसेंबर २०२२ पासून त्यावरील गाड्या बंद झाल्या. तारीख पाहा : वादळाच्या त्या रात्रीनंतरचीच ती तारीख, अठ्ठावन वर्षांनीं आलेली.

शेजारीं नवा पूल उभा राहिला आणि ६ एप्रिल २०२५ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, पंतप्रधानांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. त्याला ९९ लहान गाळे आहेत आणि मध्यें ७२.५ मीटरांचा एक मोठा गाळा. हा गाळा कवाडासारखा उघडत नाहीं. दोन बाजूंच्या मनोऱ्यांमधून, दोरांना टांगलेल्या पोहऱ्यासारखा, तो सबंधच्या सबंध सरळ १७ मीटर वर जातो. त्याचें वजन ६६० टन. पण मनोऱ्यांत दुसऱ्या बाजूस तोलाचीं वजनें लोंबत असल्यामुळें विजेच्या यंत्रांना फार सायास पडत नाहींत. तराजूचा तोच जुना न्याय. जुन्या पुलावर दांडे फिरवून जें काम पुष्कळ वेळ चाले, तें येथें कांहीं मिनिटांत होतें.

हा नवा पूल बांधावयाचा होता तेव्हां, ही उठाठेव आतां कशाला, असें कोणी म्हटलें असतें तर आश्चर्य वाटलें नसतें. आजच्या हिशेबानें पाहिलें तर गाडींतून हजारों माणसें जातात. खालून जाणाऱ्या बोटी मोजक्या. तरी शंभर वर्षांपूर्वीं कबूल केलेली वाट नव्या बांधणींतहि कबूल केली गेली. जुन्या पुलाचें लोखंड पुढेंमागें मोडींत जाईल. तें काढून टाकण्याचें रेल्वेनें ठरविलेलें आहे. त्याच्या दोन कवाडांपैकीं निदान एक तरी कोठें जतन व्हावें, अशी माझ्यासारख्या जुन्या मास्तराची इच्छा आहे. पण न झालें तरी पुलाचा खरा वारसा लोखंडांत नाहीं. तो त्या कबुलींत आहे.

२०२५ च्या मे महिन्यांत मी पुन्हा पांबनला गेलों. ह्या वेळीं एकटाच. आईला जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. तिनें सेतूची वाळू त्याच तांब्याच्या गडूंत भरून आणली होती आणि पुढें प्रयागास जाऊन ती त्रिवेणींत सोडली होती. रिकामा गडू मात्र घरीं आहे. किनाऱ्यावर तो दगड मी शोधला. तो कांहीं सांपडला नाहीं, तेव्हां दुसऱ्याच एका दगडावर बसलों. समोर जुना पूल उभा होता. त्यावरून गाडी जात नव्हती. त्याच्याजवळ नवा, करकरीत. दोन-तीन मासेमारी बोटी व एक मोठी बोट पाण्यांत थांबलेली होती. माझ्या शेजारीं सहलीला आलेलें एक कुटुंब होतें. त्यांतील लहान मुलगी आपल्या आजोबांना विचारीत होती. भाषा तामिळ, मला कळत नव्हती. पण बोट दाखविण्याच्या तऱ्हेवरून प्रश्न कळला : आधीं कोण जाणार, गाडी कीं बोट?

आजोबांनीं काय उत्तर दिलें तें मला समजलें नाहीं. तेवढ्यांत घंटा झाली आणि नव्या पुलाचा मधला गाळा हळूहळू वर जाऊं लागला. उठण्याची तऱ्हा वेगळी होती. कवाडें उघडलीं नाहींत, आकाशाची ती बारीक रेघहि दिसली नाहीं. पण पूल उठला, हें खरें. बोटींचीं यंत्रें सुरू झालीं, आणि त्या एकामागून एक निघाल्या.

मी दगडावर बसलेला होतों. गुडघे आतां पूर्वीसारखे राहिलेले नाहींत. तरी काठीचा आधार घेऊन मीहि उठलों, आणि शेवटची बोट पार होईपर्यंत उभा राहिलों.